जुनी कुडी, नवे इंजिन

ओझरला समुद्र नाही. मुंबई-आग्रा महामार्गालगत, बाणगंगेच्या काठी वसलेल्या या गावाभोवती द्राक्षबागा आहेत आणि साठ वर्षांपासून विमानांचा कारखाना आहे. होडी बघायची तर नाशिक ओलांडून गंगापूर धरणापर्यंत जावे लागते. तरीही होडीच्या इंजिनाविषयीचे हे प्रकरण ओझरच्या साक्षीनेच लिहायला हवे. प्रश्न दिसायला सोपा आहे. होडी जुनी, पण तिची कुडी अजून खणखणीत आहे. मागे टांगलेले इंजिन मात्र थकले आहे, धूर ओकते आहे, त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले आहेत. बाजारात नवे इंजिन आले आहे. ते कमी इंधन पिते, कमी आवाज करते आणि ताकद जुन्याच्या दीडपट. मालकाच्या हातात पैसेही आहेत. मग त्याला अडवणारा कायदा कोण, आणि तो कशाच्या जोरावर अडवतो? ओझरचा कारखाना आणि त्याच्या शेजारचा हवाई दलाचा दुरुस्ती डेपो यांच्यापुढे हाच प्रश्न लढाऊ विमानांच्या रूपाने पुन्हा पुन्हा आला आहे, आणि त्याची उत्तरे तिथे कागदावर नव्हे तर प्रत्यक्ष विमानांत सापडतात. ती उत्तरे एकत्र ठेवली की माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो. किती ताकदीचे इंजिन चालेल हे इंजिनाकडे बघून ठरत नाही, ते कुडीकडे बघून ठरते. म्हणून शहाणा कायदा मर्यादेचा आकडा कुडीच्या नावावर नोंदतो, आणि इंजिन कितीदाही बदलले तरी तो आकडा हलू देत नाही.

आधी होडीचेच बघू. अमेरिकेत १९७१ साली नौकासुरक्षेचा संघीय कायदा झाला आणि त्याखालील नियमांनुसार वीस फुटांपेक्षा लहान, मागे इंजिन टांगण्याच्या होड्यांवर एक पाटी ठोकणे निर्मात्याला बंधनकारक झाले. माणसे किती, वजन किती आणि इंजिन जास्तीत जास्त किती अश्वशक्तीचे, हे त्या पाटीवर असते. हा अश्वशक्तीचा आकडा काढण्याचे सूत्र इतके साधे आहे की शाळकरी मुलालाही यावे. होडीची लांबी फुटांत घ्यायची, जिच्यावर इंजिन टांगतात त्या मागच्या फळीची रुंदी फुटांत घ्यायची आणि दोहोंचा गुणाकार करायचा. सोळा फूट लांब आणि मागे पाच फूट रुंद होडीचा गुणाकार ८० येतो. तिला चाकाचे सुकाणू असेल आणि मागची फळी निदान वीस इंच उंच असेल, तर ८० ची दुप्पट करून ९० वजा करायचे. उत्तर ७० अश्वशक्ती. सुकाणूचे चाक नाही, इंजिनाचा दांडा हातात धरून होडी वळवायची आहे, तर ८० च्या आठ-दशांशातून २५ वजा. उत्तर ३९, म्हणून पाटीवर ४०. आणि हातदांड्याच्या त्याच होडीचा तळ सपाट, कडा धारदार असतील तर ८० चे निम्मे करून १५ वजा, म्हणजे फक्त २५. लांबी तीच, रुंदी तीच, इंजिनाचे दुकानही तेच; पण पाटी एकीला ७० देते आणि दुसरीला २५. या गणितात इंजिनाची कंपनी नाही, त्याचे वय नाही, त्याचे तंत्र नाही. जे काही मोजले आहे ते सगळे होडीचे आहे.

असे का, याचे उत्तर पाण्यात आहे. पाणी कापत चालणाऱ्या होडीला तिच्या लांबीने घातलेली वेगाची एक मर्यादा असते. पाण्याला टेकलेली लांबी पंचवीस फूट असेल, तर ढोबळ नियमाने तिचा सुखाचा वेग तासाला पावणेसात सागरी मैलांच्या आसपास राहतो. त्याच्या पुढे जायचे तर होडीला स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढावा लागतो. या वेगाच्या आतही लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इंजिनाची ताकद दुप्पट केली तरी वेग जेमतेम चौथ्या हिश्शाने वाढतो. उरलेली ताकद जाते कुठे? ती पिछाडी खाली दाबते, नाळ वर उचलते, मागच्या फळीच्या सांध्यांना हिसके देते. सपाट तळाची, पाण्यावर तरंगत धावणारी होडी असेल तर वेग खरोखर वाढतो, पण मग संकट निराळे. विशिष्ट वेगापुढे ती डॉल्फिनसारखी उड्या मारू लागते किंवा डाव्या-उजव्या कडांवर आलटून पालटून डोलू लागते, आणि हातदांडा धरलेल्या माणसाच्या मनगटात तिला आवरण्याइतके बळ नसते. सूत्रात सुकाणूला इतके महत्त्व का, ते इथे कळते. त्यात आणखी एक आडवळण आहे, जे गिऱ्हाईकाच्या लक्षात सहसा येत नाही. जुनी आउटबोर्ड इंजिने बहुतेक टू-स्ट्रोक असत. नवी, कमी धुराची इंजिने फोर-स्ट्रोक असतात आणि तेवढ्याच अश्वशक्तीला ती सहसा जास्त वजनाची असतात. म्हणजे पाटीवरचा आकडा काटेकोर पाळूनसुद्धा पिछाडीवरचा भार वाढू शकतो. मागच्या फळीच्या आतले लाकूड वीस वर्षांत पाणी पिऊन मऊ झाले असेल तर विचारायलाच नको. आकडा पाळला म्हणजे काम झाले असे नाही, आणि आकडाच नसला तर काम सुरूही होत नाही.

आता ओझर. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, पुढच्या वर्षी नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, आणि १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहू लागला. या योगायोगावर नाशिककरांत आजही गप्पा रंगतात, त्यांत आपण पडायचे कारण नाही. विमानाची कुडी ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. या वाटणीमुळे कुडी आणि इंजिन यांचे नाते ओझरला जितके उघडे दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल: इथे इंजिन बाहेरगावाहून येते, नवरदेवासारखे, आणि त्याला कोणत्या मांडवात शिरता येईल हे मांडव ठरवतो. पहिले मिग-२१ एफएल. त्याच्या आर-११ जातीच्या इंजिनाचा रेटा, आफ्टरबर्नरसह म्हणजे मागच्या नळीत जादा इंधन जाळून, सहा हजार किलोंच्या थोडा वर. मग मिग-२१ एम. आणि त्यानंतर मिग-२१ बिस, ज्याच्या आर-२५ इंजिनाचा रेटा सात हजार किलोंच्या घरात, आणि आणीबाणीत, कमी उंचीवर, तो दहा हजारांच्या जवळ नेता येई. पण किती वेळ? तीनेक मिनिटे. इंजिनात ताकद होती म्हणून ती हवी तेवढा वेळ वापरायची, अशी मुभा नव्हती.

इथे एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. एकाच कारखान्यात एकाच घराण्याची विमाने बनत होती, जास्त ताकदीचे इंजिन देशातच तयार होत होते, आणि आधीची एफएल विमाने हवाई दलात शेकड्यांनी होती. बाजाराच्या तर्काने ती सगळी सोडवून त्यांत आर-२५ बसवायला हवे होते. तसे झाले नाही. बिस म्हणजे एफएलमध्ये कोंबलेले नवे इंजिन नव्हते. तिच्या पाठीवरची इंधनाची टाकी निराळी होती आणि सांगाड्याचा आराखडा नव्याने केलेला होता. एफएल डिसेंबर २०१३ मध्ये निवृत्त झाली, तोवर ती आपल्या जुन्या जातीच्याच इंजिनावर उडत राहिली. पुढे १९९६ च्या करारानुसार सव्वाशे बिस विमानांचा कायापालट करून त्यांची ‘बायसन’ करायची ठरली. पहिली दोन रशियात झाली, बाकीचे काम ओझरला. नवे रडार आले, नवी क्षेपणास्त्रे आली, कॉकपिट ओळखू येणार नाही इतके बदलले. इंजिन आर-२५ च राहिले. डोळे, कान आणि हात बदलले, पण ज्याचा रेटा सांगाड्याच्या हाडांत उतरतो ते यंत्र तेवढे जागचे हलले नाही. रडारची तार कुठेही नेता येते. इंजिनाचा रेटा ज्या कड्यांवर उतरतो त्या कड्या कुडीच्या आराखड्यात पहिल्या दिवशी ठरलेल्या असतात.

यावर कोणी म्हणेल, मग नवे इंजिन कधीच नको का? ओझरचेच दुसरे उदाहरण याचे उत्तर देते. कारखान्याच्या शेजारी हवाई दलाचा अकरा क्रमांकाचा बेस रिपेअर डेपो आहे. २००८ च्या करारानंतर मिग-२९ विमानांना अद्ययावत करण्याचे काम सुरू झाले. पहिली काही रशियात आणि उरलेली या डेपोत झाली. या विमानांना खरोखर नवे इंजिन मिळाले, आरडी-३३ ची तिसरी मालिका, तीही कोरापुटला बनलेली. पण तिचा रेटा बघा: ८,३०० किलो, मूळ इंजिनाइतकाच. नव्या मालिकेने दिले ते जास्त आयुष्य. याच घराण्यात नऊ हजार किलो रेट्याचे एमके हे इंजिनही आहे. ते नौदलाच्या मिग-२९-के साठी, म्हणजे विमानवाहू नौकेवर उतरण्यासाठी वेगळ्या बांधलेल्या जड विमानासाठी आहे. हवाई दलाच्या जुन्या कुडीला नवे पण जुन्याच आकड्याचे इंजिन, नौदलाच्या नव्या कुडीला मोठ्या आकड्याचे. सुखोई-३० चेही तसेच. २००४ पासून ओझरला बनणाऱ्या या विमानांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये २४० इंजिनांचा करार झाला, रक्कम सव्वीस हजार कोटी रुपयांहून अधिक. एवढे पैसे मोजून आणायचे तर अधिक ताकदीचे का नको, असे वाटू शकते. पण मागणी नोंदवली गेली ती त्याच एएल-३१एफपी इंजिनाची, साडेबारा हजार किलो रेट्याची.

आणि जिथे मोठे इंजिन हवेच होते तिथे काय झाले? तिथे विमानच नवे काढावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरच्या धावपट्टीवरून इथे बनलेले पहिले तेजस एमके-१ए उडाले. त्यात एफ-४०४ इंजिन आहे, रेटा सुमारे ८५ किलोन्यूटन. ९८ किलोन्यूटनचे एफ-४१४ इंजिन वापरायचे ठरले तेव्हा ते तेजसच्या सध्याच्या कुडीत बसवायचा नाद सोडून तेजस एमके-२ हे लांब आणि जड, वेगळे विमान आखण्यात आले. सव्वातेरा मीटरच्या जागी साधारण साडेचौदा मीटरचे. उलट दिशेचा धडा बेंगळुरूच्या एचएफ-२४ मरुतने आधीच दिला होता. कुर्ट टँक यांनी ते विमान ब्रिटनच्या ऑर्फियस-१२ या ताकदवान इंजिनासाठी आखले. ब्रिटनने त्या इंजिनाचे कामच सोडून दिले आणि मरुतला जेमतेम बावीसशे किलो रेट्याची दोन ऑर्फियस-७०३ इंजिने घेऊन उडावे लागले. १७ जून १९६१ ला पहिले उड्डाण झाले, पण आखलेला वेग कधीच गाठता आला नाही. मग त्याच इंजिनाला आफ्टरबर्नर जोडायचे प्रयोग झाले. त्यासाठी विमानाची पिछाडी फुगवावी लागली, फुगलेल्या पिछाडीने हवेचा विरोध वाढवला, आणि मिळालेल्या जादा ताकदीचा मोठा वाटा तो विरोध मोडण्यातच गेला. होडीच्या पिछाडीवर मोठे इंजिन टांगून तिने उठवलेली लाट चढत बसायची, तसाच हा प्रकार. कुडी इंजिनापेक्षा मोठ्या स्वप्नाची असली तरी नुकसान, आणि इंजिन कुडीपेक्षा मोठे असले तरी नुकसान. फरक एवढाच की पहिल्यात विमान मंद राहते, दुसऱ्यात माणसे मरू शकतात.

आता मर्यादा ठरवते कोण आणि मोडायची तर परवानगी कोण देते, हे बघू. लष्करी विमानांसाठी उड्डाणयोग्यतेचा शिक्का बेंगळुरूच्या सेमिलॅक या संस्थेचा असतो. ती संरक्षण संशोधन संघटनेचा भाग आहे आणि तिचे एक प्रादेशिक केंद्र नाशिकला, याच कारखान्याच्या कामासाठी आहे. २०२१ पासून तिचे नियम ‘इम्टार-२१’ या नावाच्या दस्तात बांधलेले आहेत. नागरी विमानांसाठी हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे. तिथे प्रत्येक विमानजातीला टाइप सर्टिफिकेट असते आणि त्या कागदावर कुडीसोबत कोणती इंजिने चालतील ती नावानिशी लिहिलेली असतात. यादीबाहेरचे इंजिन बसवणे हा मोठा बदल समजला जातो. त्यासाठी नव्याने आकडेमोड, जमिनीवरच्या आणि हवेतल्या चाचण्या, आणि शेवटी पुरवणी प्रमाणपत्र लागते. रस्त्यावरच्या वाहनांना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. नोंदणीच्या दाखल्यातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा फेरफार मालकाने करू नये, असे ते सांगते, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच कडक शब्दांत उचलून धरले. याच कलमात एक खिडकी ठेवली आहे: सीएनजी, वीज अशा वेगळ्या इंधनावर चालवण्यासाठी अटींसह इंजिनात बदल करता येतो. आणखी एक बारीक सवलत आहे, जी मला फार बोलकी वाटते. दहा किंवा अधिक व्यावसायिक वाहने असलेल्या मालकाला, राज्य सरकारने परवानगी दिली तर, दरवेळी नोंदणी अधिकाऱ्याकडे न जाता इंजिन बदलता येते. पण ते ‘त्याच कंपनीचे आणि त्याच प्रकारचे’ असले पाहिजे. ट्रकचा कायदा आणि मिग-२९ चा अभियंता एकमेकांना कधी भेटले नसतील, तरी दोघांनी एकाच ठिकाणी रेघ ओढली आहे.

देशांतर्गत पाण्यातल्या यांत्रिक नौकांसाठी १९१७ सालचा कायदा शंभराहून अधिक वर्षे चालला. त्याच्या जागी अंतर्देशीय नौका कायदा, २०२१ आला आणि २०२२ पासून अमलात आला. नौकेची तपासणी, नोंदणी, दाखला, आणि दाखल्यातला तपशील बदलणारा फेरफार केल्यास तो अधिकाऱ्यापुढे ठेवणे, असा हा मार्ग आहे. कोकणच्या मासेमारी नौकांची नोंदणी वेगळ्या वाटेने, मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत होते. किनाऱ्यावर नौकेची ओळख तशी इंजिनावरूनच सांगतात. दोन सिलिंडरची, सहा सिलिंडरची. ही बोलण्याची सवय मजेशीर असली तरी तिच्यातच घोटाळ्याचे बी आहे. सिलिंडरवरून नौका ओळखायची झाली की सिलिंडर वाढवणे म्हणजे नौका मोठी करणे असे वाटू लागते, आणि लाकूड मात्र होते तेवढेच राहते.

या सगळ्यावरचा सर्वांत जुना आक्षेप असा: होडी माझी, इंजिन माझे, बुडालो तर मी बुडेन. निर्जन तळ्यात एकटाच माणूस असेल तर या बोलण्यात थोडे तथ्य आहे, हे मान्य करतो. पण पाण्यावर एकटा कोण असतो? १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर आदळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. ही घटना अनधिकृत इंजिनाची नाही आणि तिच्यावरून तसा निष्कर्ष काढू नये. मी ती सांगतो ती एवढ्यासाठीच की इंजिन आणि कुडी यांची एकमेकांशी गाठ पक्की झाली की नाही हे तपासले जात असतानाचा काळ किती नाजूक असतो, आणि त्याची किंमत मोजणारे लोक त्या बोटीवरचेच असतात असे नाही, हे तिच्यातून उघड दिसते. जी चाचणी प्रशिक्षित माणसांच्या हातीही धोक्याची ठरते, ती गिऱ्हाईक बसवून, सुट्टीच्या दिवशी, धरणाच्या पाण्यात करायची? शिवाय होडी विकली जाते. पुढच्या मालकाला तिच्या पिछाडीच्या आत काय कुजले आहे ते दिसत नाही, त्याला दिसते ते चकचकीत इंजिन.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मर्यादेचा आकडा निर्माता ठरवतो, आणि निर्मात्याला स्वतःचेच सुटे भाग, स्वतःचेच इंजिन, शेवटी नवी होडी विकायची असते. मग त्याच्या आकड्यावर विश्वास का ठेवायचा? शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर आकडा रद्द करण्यात नाही, तो सिद्ध करण्याचा हक्क दुसऱ्यालाही देण्यात आहे, आणि विमानांच्या कायद्याने ते कधीच केले आहे. पुरवणी प्रमाणपत्र मूळ निर्मात्यानेच घ्यावे असे बंधन नसते. कॅनडातली डी हॅविलंड कंपनीची ऑटर विमाने, पाण्यावर उतरणारी, मुळात सहाशे अश्वशक्तीच्या पिस्टन इंजिनाची. दुसऱ्या कंपन्यांनी त्यांत टर्बाइन इंजिने बसवून, चाचण्या देऊन, प्रमाणपत्रे मिळवली, आणि तशी ऑटर विमाने आजही तळ्यांवर उतरतात. त्यांच्याच आकाराने लहान पण वयाने थोरल्या भावंडाने, बीव्हरने, १० डिसेंबर २०१९ रोजी व्हँकुव्हरजवळ विजेच्या मोटरवर चाचणी उड्डाण केले. पन्नास-साठ वर्षांच्या कुडीत संपूर्ण नवे यंत्र! म्हणजे कायदा दार लावत नाही. दारावर कोणीतरी सही करून उभे राहावे एवढीच त्याची मागणी असते. ती सही महागात पडते, हे खरे. भारताच्या जग्वार विमानांना हनीवेलचे जास्त रेट्याचे इंजिन बसवायचा बेत वर्षानुवर्षे चर्चेत राहिला आणि २०१९ मध्ये खर्चापायी सोडून द्यावा लागला. पण खर्च जास्त आला म्हणून गणित चुकीचे ठरत नाही. जुन्या कुडीचा नव्या रेट्याशी मेळ घालण्याची खरी किंमतच तेवढी असते. कायदा नसता तर ती कमी झाली नसती, फक्त पावतीवर दिसली नसती.

कायदा कडक असल्याने नुकसान होते असे म्हणणाऱ्यांनी कायदा सैल पडल्याचे उदाहरणही बघावे. बोइंग ७३७ हे १९६७ साली प्रमाणित झालेले विमान. विमानतळावर शिड्या-यंत्रे नसली तरी चढता-उतरता यावे म्हणून ते जमिनीला अगदी लगटून उभे राहील असे आखलेले. पन्नास वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच प्रमाणपत्राची दुरुस्ती करून ७३७ मॅक्स आले आणि त्याला कमी इंधन पिणारे लीप इंजिन बसवले. त्याच्या पुढच्या पंख्याचा व्यास ६९ इंच; आधीच्या इंजिनाचा ६१. बुटक्या कुडीखाली ते मावेना, म्हणून ते पुढे आणि वर सरकवले. त्यामुळे काही स्थितींत विमानाचे नाक वर उचलले जाऊ लागले, आणि ते खाली दाबण्यासाठी एमकॅस नावाची संगणकीय यंत्रणा घातली गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात ही विमाने कोसळून ३४६ माणसे मेली. डीजीसीएने मार्च २०१९ मध्ये ती जमिनीवर उतरवली ती ऑगस्ट २०२१ पर्यंत. त्याच वर्षांत त्याच लीप घराण्याचे, ७८ इंची पंख्याचे इंजिन एअरबसच्या ए-३२० च्या नव्या आवृत्तीत बसवले गेले आणि असल्या यंत्रणेचा आधार त्याला घ्यावा लागला नाही, कारण ए-३२० पायांनीच उंच आहे. इंजिन नवे होते म्हणून दोष नव्हता. जुन्या प्रमाणपत्राचा वारसा सांगून बदल लहान आहे असे दाखवता आले, हा दोष होता, आणि तो कायद्याच्या उदारपणातून आला.

मग आपल्या धरणांतल्या आणि खाड्यांतल्या होड्यांचे काय? आपल्या दाखल्यांचा भर बसवलेल्या इंजिनाचा तपशील नोंदण्यावर असतो: कंपनी, क्रमांक, अश्वशक्ती. ही नोंद ‘काय आहे’ हे सांगते. ‘किती चालेल’ ही वेगळीच गोष्ट आहे, आणि ती इंजिनाच्या रकान्यात शोधून सापडायची नाही. मोठ्या नौकांची तपासणी आणि त्यांचे आराखडे तज्ज्ञांच्या डोळ्यांखालून जातात. वीस फुटांची सहलीची होडी, जिच्यात लहान मुले सर्वांत जास्त बसतात, तिच्यासाठी पन्नास पानांच्या अहवालाची गरज नाही. गरज आहे ती मागच्या फळीवर, इंजिन टांगणाऱ्याच्या नजरेसमोर, न पुसणाऱ्या अक्षरांत लिहिलेल्या एका आकड्याची. तो काढायला लांबी, रुंदी, सुकाणूचा प्रकार आणि तळाचा आकार पुरतो. टेप आणि पेन्सिल घेतलेला निरीक्षक अर्ध्या तासात तो लिहू शकेल. त्याच्या शेजारी इंजिनाचे कमाल वजनही लिहावे, म्हणजे फोर-स्ट्रोकची अडचण आपोआप सुटेल. आणि ज्याला तो आकडा ओलांडायचा असेल त्याला अभियंत्याची सही आणि चाचणी घेऊन नवी पाटी मागण्याचा मार्ग मोकळा असावा, ऑटरला होता तसा. तोवर निदान एवढे तरी करा: धरणावर सहलीच्या होडीत पाय टाकण्याआधी पिछाडीकडे जाऊन होडी कधीची आणि इंजिन कधीचे, हे चालवणाऱ्याला विचारा.